सहा किलोमीटरांची तूट

थुंब्याच्या पहिल्या रॉकेटची गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. 21 नोव्हेंबर 1963ची संध्याकाळ, केरळचा किनारा, चर्चमध्ये झालेली जुळणी, विक्रम साराभाई, तरुण अब्दुल कलाम. रॉकेट अमेरिकेने दिलेले नाइकी-अपाची होते, हेही पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याच्या टोकात काय भरले होते, ते सांगायचे बहुधा राहून जाते. तिथे सोडियम होते आणि ते उपकरण दिले होते जॅक ब्लामाँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी.

दिवेलागणीची वेळ मुद्दाम निवडलेली होती. खाली किनाऱ्यावर अंधारून येते तेव्हा शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर अजून लख्ख ऊन असते. त्या उन्हात सोडियमची वाफ सोडली, की तिचे अणू सूर्यप्रकाशातला आपल्या वाटणीचा तेवढाच पिवळा-नारिंगी रंग उचलतात आणि दाही दिशांना परत फेकतात. खालून पाहणाऱ्याला काळवंडत्या आकाशात एक नारिंगी रेघ उमटलेली दिसते. मग ती वाकते, विस्कटते, वाहत जाते. दोन-तीन ठिकाणांहून तिचे फोटो घेतले, की ज्या उंचीवर कुठलाही बलून पोचत नाही तिथला वारा मोजता येतो. ब्लामाँ यांनी ही युक्ती 1959 साली अल्जेरियाच्या वाळवंटातल्या हम्मागीर तळावरून व्हेरोनिक रॉकेट उडवून सिद्ध केली होती. थुंब्याला तिचीच आवृत्ती निघाली.

थुंब्यानंतर आठ वर्षांनी ब्लामाँ आणि त्यांचे विद्यार्थी ज्याँ-लू बर्तो यांनी एका वेगळ्याच वाऱ्याची बातमी दिली. त्यासाठी कुणाला वाफ सोडावी लागली नाही. वाफ तिथे आधीपासून होती, हायड्रोजनची. आणि ती पृथ्वीच्याच काय, सूर्याच्याही मालकीची नव्हती.

सोडियम जसा नारिंगी रंग उचलतो तसा हायड्रोजन 121.6 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश उचलतो आणि फेकतो. हार्वर्डच्या थिओडोर लायमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवा काढून टाकलेल्या नळीत हायड्रोजनच्या अतिनील रेषा शोधल्या, म्हणून त्यांतल्या या रेषेला लायमन-अल्फा म्हणतात. हवा काढून टाकावी लागली, कारण हा प्रकाश आपल्या हवेत फार अंतर तगत नाही. साहजिकच आकाशातून येणारा लायमन-अल्फा जमिनीवर कधीच पोचत नाही. विश्वात सर्वात मुबलक असलेल्या मूलद्रव्याची सर्वात ठळक खूण आणि नेमकी तीच आपल्या डोक्यावरच्या छपराने अडवलेली.

मार्च 1957मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने न्यू मेक्सिकोतून रात्री एक रॉकेट सोडले. त्यावरच्या उपकरणांना अंधाऱ्या आकाशात सगळीकडून मंद लायमन-अल्फा दिसला. सूर्य तर क्षितिजाखाली होता. मग हा उजेड कुठला? एक उत्तर सोपे होते: पृथ्वीभोवतीच हायड्रोजनचे विरळ आवरण आहे आणि सूर्यप्रकाश त्यावरून विखुरतो आहे. दुसरे उत्तर असे, की काही उजेड तरी ग्रहांच्या मधल्या जागेतून येतो. तिसरे, तो थेट आकाशगंगेतून येतो. सोव्हिएत याने शुक्राकडे निघाली आणि पृथ्वी खूप मागे पडली तरी व्लादिमीर कुर्त यांच्या उपकरणांत हा उजेड उरलाच. म्हणजे पहिले उत्तर पुरेसे नव्हते. उरलेल्या दोहोंत निवाडा कसा करायचा?

तो निवाडा केला ओगो-5 या उपग्रहाने आणि माझ्या मते त्याला इतिहासाने त्याच्या कामाच्या मानाने फारच कमी जागा दिली आहे. हबलचे नाव घरोघरी पोचले. ओगो-5चे नाव खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही आठवावे लागते. 4 मार्च 1968ला सुटलेला हा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रासारख्या भूभौतिकीच्या कामासाठी होता. त्याची कक्षा लांबट होती; एका टोकाला तो पृथ्वीपासून जवळजवळ दीड लाख किलोमीटरांवर जाई. तिथे पृथ्वीचे हायड्रोजनचे आवरण बरेच विरळ झालेले असते. त्यावर लायमन-अल्फा मोजणारी दोन उपकरणे होती: एक ब्लामाँ आणि बर्तो यांचे, दुसरे कोलोरॅडो विद्यापीठातल्या गॅरी थॉमस यांचे.

अडचण एवढीच, की ओगो-5 आपले तोंड ठरलेल्या दिशेला धरून उडत असे. साऱ्या आकाशाचा नकाशा करायचा तर त्याला गरगर फिरवायला हवे होते आणि दुसरे वीसेक प्रयोग वाहणाऱ्या उपग्रहाला असे फिरवणे ही काही किरकोळ मागणी नव्हती. तरी ती मान्य झाली. सप्टेंबर 1969, डिसेंबर 1969 आणि एप्रिल 1970, असे तीन वेळा उपग्रह कक्षेच्या लांबच्या टोकाला असताना त्याला फिरवले गेले. तीन नकाशे तयार झाले. प्रत्येकात आकाशाचा एक भाग इतरांपेक्षा जास्त उजळ होता.

आता ते तीन नकाशे एकमेकांवर ठेवा. उजेड आकाशगंगेतून येत असेल तर पृथ्वी सूर्याभोवती कुठेही असो, उजळ भाग ताऱ्यांच्या संदर्भात जागचा हलणार नाही. पण तो हलला होता. सप्टेंबरात जिथे होता तिथे एप्रिलमध्ये नव्हता. पृथ्वी अर्धी प्रदक्षिणा करते तेवढ्यात जी गोष्ट आकाशात एवढी सरकते ती दूर असूच शकत नाही. ती पृथ्वी-सूर्य अंतराच्या काही पटींतच असणार. म्हणजे हायड्रोजन सूर्यमालेच्या आत आहे. आणि तो एका बाजूला जास्त उजळ आहे, कारण त्या बाजूने तो आत येतो आहे. सूर्याजवळ पोचता पोचता सौरवारा आणि सूर्याचे अतिनील किरण त्याचे इलेक्ट्रॉन हिरावून घेतात, त्यामुळे पलीकडच्या बाजूला तो फारसा उरत नाही. बॉनच्या हान्स यॉर्ग फार यांनी 1968मध्येच गणित मांडून असे होऊ शकेल म्हटले होते. 1971 साली एका युरोपीय नियतकालिकाच्या एकाच खंडात फ्रेंच गटाचा आणि कोलोरॅडोच्या थॉमस व क्रासा या जोडीचा असे दोन्ही लेख छापून आले. बर्तो-ब्लामाँ यांनी आपल्या शीर्षकातच त्याला आंतरतारकीय वारा म्हटले.

त्या वाऱ्याची दिशाही चक्रावणारी होती. सूर्य शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत शौरी तारकासमूहाकडे चालला आहे, हे विल्यम हर्शेलपासून माहीत होते. वायू जागच्या जागी थबकलेला आणि सूर्य त्यातून जातो आहे, असे असते तर वारा शौरीकडून यायला हवा. तो येत होता बराच दक्षिणेकडून, आयनिक वृत्ताच्या जवळून. आज ती दिशा भुजंगधारीत, ज्येष्ठेच्या जरा उत्तरेला धरतात. याचा अर्थ सूर्याप्रमाणे वायूही चालता होता, स्वतःच्या वेगाने, स्वतःच्या वाटेने.

इथपर्यंतचे काम वातावरणशास्त्रज्ञांचे होते. त्यांची भाषा वाऱ्याची आणि विखुरण्याची. तारे पाहणाऱ्यांचे घराणे वेगळे होते आणि त्यांची वहिवाट जास्त जुनी.

1904 साली पॉट्सडॅमच्या वेधशाळेत योहानेस हार्टमान मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी एकाचा, डेल्टा ओरायनिसचा, वर्णपट तपासत होते. तो जोडतारा आहे. त्याच्या रेषा 5.7 दिवसांत मागेपुढे झुलतात. कॅल्शियमची एक रेषा मात्र ढिम्म हलेना. ती ताऱ्याची नव्हतीच. तारा आणि आपण यांच्या मधल्या वायूने ताऱ्याच्या प्रकाशातला तेवढा भाग खाल्ला होता. ताऱ्याच्या दिव्यापुढे वायूची सावली पाहायची, ही पद्धत तिथून सुरू झाली. पण कॅल्शियम म्हणजे त्या वायूतला चिमूटभर मसाला. मुख्य हायड्रोजन या पद्धतीने दिसेना, कारण थंड हायड्रोजनच्या शोषण रेषा सगळ्या अतिनीलात. रेडिओ खगोलशास्त्राने 1951 साली हायड्रोजनची 21 सेंटीमीटरची रेषा मिळवून दिली आणि तिने अख्ख्या आकाशगंगेचा नकाशा दिला. फक्त त्या नकाशात उंबऱ्यापाशी काय आहे ते वेगळे काढता येत नव्हते, कारण जवळचे-लांबचे सगळे एकाच रांगेत येऊन पडे.

खगोलशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनी 1946 सालीच, पहिला स्पुटनिक उडायला अकरा वर्षे असताना, अवकाशात दुर्बीण का हवी यावर एक अहवाल लिहिला होता. हे स्पिट्झर पट्टीचे गिर्यारोहकही होते, त्यामुळे लांबच्या चढाईचा धीर त्यांच्यापाशी होता असे म्हणायला हरकत नाही. तो लागलाच. 1966चा दुर्बीणवाहू उपग्रह ओएओ-1 काही दिवसांतच मुका झाला. 1968चा ओएओ-2 उत्तम चालला. 1970च्या यानाचे वरचे कवच उड्डाणात सुटले नाही आणि ते समुद्रात गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये जॉर्ज कॅरुथर्स या तरुण कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाने अवघ्या काही मिनिटांच्या रॉकेट उड्डाणात ययाती तारकासमूहातल्या एका ताऱ्यासमोर हायड्रोजनचे रेणू शोधून दाखवले; अतिनील दुर्बीण काय करू शकते याची ती चुणूक होती. अखेर 21 ऑगस्ट 1972ला प्रिन्स्टनचे 80 सेंटीमीटर आरशाचे उपकरण घेऊन कोपर्निकस उपग्रह गेला आणि 1981पर्यंत चालला.

कोपर्निकसने जॉन रॉजरसन आणि डोनाल्ड यॉर्क यांना नरतुरंगातल्या बीटा ताऱ्यासमोर ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, दाखवले: सुमारे सत्तर हजार हायड्रोजन अणूंमागे एक. ड्युटेरियम महास्फोटाच्या पहिल्या काही मिनिटांतच तयार झालेला, म्हणून विश्वात एकूण साधा पदार्थ किती याचा अंदाज त्या आकड्यावरून निघाला आणि त्याचा गाजावाजा झाला. तो रास्तच होता. पण आपल्या गोष्टीच्या दृष्टीने जास्त मोलाचे निरीक्षण निराळे आहे. प्रखर, तप्त तारे दूर असतात; जवळचे तारे सूर्यासारखे थंड, त्यांच्यापाशी अतिनील प्रकाश बेताचाच. तेव्हा त्यांच्या स्वतःच्या लायमन-अल्फालाच दिवा मानायचे आणि त्यावर मधल्या वायूने पाडलेला खड्डा मोजायचा, असे ठरले. 42 प्रकाशवर्षांवरचा ब्रह्महृदय, साडेअकरा प्रकाशवर्षांवरचा प्रश्वा, सुमारे 4.4 प्रकाशवर्षांवरचा मित्र. आकाशगंगेत सरासरी दर घनसेंटीमीटरला एक हायड्रोजन अणू, असे पुस्तकात लिहिलेले असे. इथे आकडा निघाला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. सूर्याला लगटून असलेल्या वायूचा आजचा आकडा घनसेंटीमीटरला 0.2 धरतात. एका काडेपेटीत पाच अणू.

पुस्तकातल्या त्या एक अणूच्या आकड्याने मधल्या काळात एक विद्याशाखाच अडवून धरली होती. लॉरेन्स ॲलर यांनी 1959 साली हिशेब करून सांगितले होते, की 91.2 नॅनोमीटरच्या खाली हायड्रोजन सगळा प्रकाश गिळून टाकतो, त्यामुळे त्या पट्ट्यात शेजारचे तारेसुद्धा दिसणार नाहीत. हिशेब बरोबर होता. त्यात घातलेली घनता चूक होती. बर्कलीच्या स्टुअर्ट बॉयर यांनी ते मानले नाही. जुलै 1975मध्ये अमेरिकी आणि सोव्हिएत अंतराळवीर कक्षेत हस्तांदोलन करत होते, त्या अपोलो-सोयुझ मोहिमेवर त्यांची छोटी दुर्बीण होती आणि तिने अतिअतिनील प्रकाशात झगमगणारा एक श्वेतबटू तारा टिपला. वायू इतका विरळ आणि इतका तुकड्यातुकड्यांत आहे, की मधून आरपार दिसते. पुढे 1992मध्ये या पट्ट्यासाठी स्वतंत्र उपग्रहच गेला. राजनैतिक फोटोसाठी आखलेल्या मोहिमेने खगोलशास्त्राला दिलेली ही देणगी फारशी कुणी आठवत नाही.

दोन घराणी पहिल्यांदा एका छताखाली आली ती कोपर्निकसच्याच छताखाली. थॉमस ॲडम्स आणि शिकागोच्या प्रिसिला फ्रिश यांनी ताऱ्यांसाठी बनवलेली ही दुर्बीण मुद्दाम रिकाम्या आकाशाकडे वळवली आणि त्या मंद उजेडाचा बारीक वर्णपट घेतला. ओगो-5ने उजेड किती आणि कुठून एवढेच मोजले होते. रेषा किती सरकली आहे हे कळले, की वेग कळतो. 1977मध्ये तो वर्णपट प्रसिद्ध झाला. सूर्यमालेच्या आतला वारा आणि ताऱ्यांसमोरचा वायू एकच आहेत, असे म्हणायला आता आधार मिळत होता. पण आकडे अजून ढोबळ होते आणि इथे ढोबळ आकडे चालणार नव्हते.

बारकाई आली ती सोव्हिएत यानावरच्या फ्रेंच काचपात्रातून. प्रॉग्नोझ-5 आणि प्रॉग्नोझ-6 ही याने 1976 आणि 1977मध्ये सुटली. त्यांच्यावरच्या प्रकाशमापकापुढे एक बंद पात्र होते, लायमन-अल्फा आरपार जाऊ देणाऱ्या खिडक्यांचे, आत थोडा रेणुरूप हायड्रोजन. रेणू हा प्रकाश अडवत नाहीत. पात्रात टंगस्टनची तार होती. तिच्यात वीज सोडली, की ती तापे, रेणू फुटून अणू होत आणि ते अणू लायमन-अल्फाच्या अगदी मधल्या बारीक पट्टीतला प्रकाश गिळत. तार बंद, मोजा. तार चालू, पुन्हा मोजा. यान पृथ्वीबरोबर सूर्याभोवती फिरे तशी त्या उजेडाची रेषा डॉप्लर परिणामाने मागेपुढे सरके आणि पात्रातले अणू कधी तिच्या मध्यावर घाव घालत, कधी कडेला. वर्षभराच्या अशा मोजमापातून रेषेचा आकार हळूहळू उलगडत गेला. जाळीदार वर्णपटमापक नाही, मोठा आरसा नाही. एक तार आणि एक कळ. मला या साऱ्या कहाणीतले हे सर्वात देखणे उपकरण वाटते.

बर्तो, त्यांच्या सहकारी रोझिन लालमाँ, कुर्त आणि मिरोनोव्हा यांनी त्याचा अंतिम हिशेब 1985मध्ये मांडला: वायूचे तापमान सुमारे 8000 अंश, वेग सेकंदाला 20 किलोमीटर.

हा 20चा आकडा नीट लक्षात ठेवायला हवा.

दरम्यान 1978 साली गेलेल्या आययूई या अतिनील वेधशाळेवर ताऱ्यांचे घराणे आपले काम पुढे नेत होते. तीन-पाच वर्षांसाठी पाठवलेला हा उपग्रह 1996पर्यंत चालला. शेजारच्या ताऱ्यांसमोरच्या हायड्रोजन आणि ड्युटेरियमवर त्यातून 1987मध्ये निघालेल्या एका मोठ्या लेखाचे पहिले नाव जयंत मूर्ती यांचे आहे. ते पुढे बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेत आले.

लालमाँ वाऱ्याच्या घराण्यात वाढलेल्या, पण त्यांनी ताऱ्यांच्या घराण्याची विद्याही शिकून घेतली. पिएर बर्तां यांच्याबरोबर त्यांनी जमिनीवरच्या दुर्बिणींतून जवळच्या ताऱ्यांसमोरच्या कॅल्शियमच्या रेषा मोजल्या, म्हणजे पुन्हा हार्टमान यांचाच मसाला. वेगवेगळ्या दिशांचे वेग मांडले, की सूर्याला वेढणारा एक ढग एकसंधपणे एका दिशेने चालला आहे असे दिसले. 1992मध्ये निघालेला त्याचा वेग सूर्याच्या तुलनेत सेकंदाला जवळजवळ 26 किलोमीटर होता. हबलने आरशाच्या प्रसिद्ध दोषासकट 1991मध्ये ब्रह्महृदयाचा जो अतिनील वर्णपट घेतला होता त्यात, जेफ्री लिन्स्की आणि सहकाऱ्यांच्या मोजणीनुसार, मधल्या वायूचा त्या दिशेतला वेग नेमका या ढगाच्या हिशेबात बसला. याच सुमारास, 1990मध्ये निघालेल्या युलिसिस यानावर जर्मन उपकरणाने सूर्यमालेत आत येणारे हीलियमचे अणूच पकडायला सुरुवात केली. मॅनफ्रेड व्हिट्टे यांच्या गटाने 1993मध्ये वेग जाहीर केला: पुन्हा 26च्या आसपास.

म्हणजे बाहेर ताऱ्यांसमोरचा ढग 26ने चाललेला. आत आलेला हीलियम 26ने चाललेला. दिशा एकच. आत आलेला हायड्रोजन मात्र 20ने. ढग एक, हायड्रोजन आणि हीलियम एकाच ढगातले, मग मधले सहा किलोमीटर गेले कुठे?

शंका आधी प्रॉग्नोझवर घेता आली असती. म्हणून 1993मध्ये लालमाँ, बर्तो आणि जॉन क्लार्क यांनी हबललाच त्या मंद उजेडाकडे वळवले. हायड्रोजन खरोखरच कमी वेगाने येत होता. चूक उपकरणात नव्हती. वाटेत काहीतरी त्याला धरून ठेवत होते.

ते काय असावे, याचे गणित मॉस्कोत व्लादिमीर बारानोव यांच्या गटाने आधीच केले होते. सूर्यापासून सतत वाहणारा सौरवारा ढगाला बाहेर रेटतो आणि आपल्याभोवती एक पोकळी राखतो. ढगातले विद्युतभारित कण या पोकळीत शिरू शकत नाहीत. ते सीमेपाशी अडतात, मंदावतात, गरम होतात, बाजूने वळसा घालून निघून जातात. भार नसलेल्या अणूंना खरे तर अडायचे कारण नाही. पण हायड्रोजन अणू वेगाने येतो, त्याची गाठ मंदावलेल्या प्रोटॉनशी पडते आणि प्रोटॉन त्याचा इलेक्ट्रॉन उचलतो. काल जो प्रोटॉन होता तो आता अणू, आणि अणू होता तो प्रोटॉन. नवा अणू मंद प्रोटॉनचाच वेग घेऊन पुढे आत येतो. अशा देवाणघेवाणीतून सीमेबाहेर मंद, गरम हायड्रोजनची गर्दी होते. तिला हायड्रोजनची भिंत म्हणू लागले. हीलियम अशा देवाणघेवाणीत जवळजवळ पडतच नाही, म्हणून तो 26चा 26च राहतो.

तूट भरून निघाली होती ती हिशेबात. भिंत अजून कुणी थेट पाहिली नव्हती. ती दिसली 1996 साली आणि ज्यांना दिसली ते तिच्या शोधात नव्हते. लिन्स्की आणि ब्रायन वुड यांना ड्युटेरियमचे प्रमाण हवे होते, म्हणून हबलमधून मित्र ताऱ्याकडे पाहत होते. हायड्रोजन आणि ड्युटेरियम एकाच ढगात असतात, तेव्हा दोघांच्या रेषा एकच वेग दाखवायला हव्यात. हायड्रोजनची रेषा सुमारे 2 किलोमीटर प्रतिसेकंदाने तांबड्या बाजूला सरकलेली होती आणि हवी त्याहून रुंद होती. एकट्या ढगाने ती जमेना. मंदावलेल्या, तापलेल्या हायड्रोजनचा आणखी एक थर वाटेत मानला, की बरीचशी जमली. ढग ज्या वेगाने आपल्याकडे येतो त्याहून हा थर हळू येतो, म्हणून तांबड्या बाजूचा जादा खड्डा. त्यातला ड्युटेरियम इतका थोडा, की तो कुठे उमटतच नाही.

बरीचशी म्हटले, कारण निळ्या बाजूलाही थोडा खड्डा शिल्लक राहिला होता. त्याचे उत्तर पुढच्या वर्षी आले आणि ते मला भिंतीहूनही विलक्षण वाटते: मित्र ताऱ्यालाही स्वतःची भिंत आहे. आपण तिच्याकडे बाहेरून बघतो, म्हणून खूण उलट बाजूला. सूर्यासारख्या ताऱ्याचा वारा इतका विरळ असतो, की तो थेट दिसण्याचा प्रश्नच नाही. पण त्या वाऱ्याने रचलेल्या भिंतीची सावली लायमन-अल्फावर पडते. वुड यांनी पुढच्या दशकभरात अशा सावल्यांवरून एकेका ताऱ्याचा वारा किती जोरकस आहे ते काढले. तरुण सूर्याने मंगळाची हवा कशी उडवून नेली असेल, या चर्चेत ते आकडे आजही वापरले जातात.

सेथ रेडफिल्ड आणि लिन्स्की यांनी 2008पर्यंतची हबलची निरीक्षणे एकत्र करून सूर्याभोवतीच्या सुमारे पन्नास प्रकाशवर्षांत असे पंधरा कोमट ढग वेगळे केले. आपण त्यातल्या एकाच्या काठाशी आहोत. पंधरांच्या सीमा नेमक्या कुठे, यावर एकमत नाही. लालमाँ यांच्या फ्रेंच सहकारी सेसिल ग्री आणि अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड जेनकिन्स यांनी तर पुढे असा विचार मांडला, की हे बरेचसे एकाच ढगाचे वेगवेगळ्या वेगांनी चालणारे भाग असावेत.

व्हॉयेजर-1ने 25 ऑगस्ट 2012ला सौरवाऱ्याची सीमा ओलांडली. त्याच वर्षी पृथ्वीभोवती फिरत हीलियम मोजणाऱ्या आयबेक्स यानाने जाहीर केले, की वाऱ्याचा वेग 26 नसून 23 आहे. पुन्हा तूट! 2013मध्ये प्रिसिला फ्रिश आणि सहकाऱ्यांनी अकरा यानांची चाळीस वर्षांची मोजमापे एकत्र करून त्याहून धाडसी दावा केला: या काळात वाऱ्याची दिशाच काही अंशांनी बदलली आहे. चाळीस वर्षांत सूर्य त्या ढगातून जेमतेम दोनशेच पृथ्वी-सूर्य अंतरे कापतो. एवढ्या टप्प्यात वारा वळत असेल तर ढग आतून फारच खवळलेला असला पाहिजे.

उत्तर द्यायला पुढच्या वर्षी उभे राहिले लालमाँ आणि बर्तो. युलिसिसच्या आकड्यांची फेरतपासणी आणि आयबेक्सच्या उपकरणातल्या एका दुरुस्तीचा विचार करता वारा जसा होता तसाच आहे, असे त्यांनी दाखवले. आयबेक्सच्या गटानेही आणखी काही वर्षांची निरीक्षणे हाती आल्यावर 2015मध्ये वेग पुन्हा 26च्या जवळ आणून ठेवला. तापमान मात्र आधी मानले होते त्याहून थोडे जास्त निघाले. सप्टेंबर 2025मध्ये सुटलेल्या आयमॅप यानावर पोलंडने बनवलेला ग्लोज नावाचा छोटा प्रकाशमापक आहे. ओगो-5ला तीनदा मुद्दाम गरगरवावे लागले होते. आयमॅप मुळातच स्वतःभोवती फिरत राहते आणि ग्लोज प्रत्येक फेरीत आकाशातल्या त्याच लायमन-अल्फाचे एक कडे मोजतो.